टेप, पुठ्ठा आणि अ‍ॅव्हरेज

नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. रंग कोणता, फीचर्स काय, ते सगळं नंतर. आधी ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ सोसायटीचा वॉचमनही हेच विचारतो आणि होणारे सासरेबुवाही!

माझ्या एका मित्राने या प्रश्नावर भन्नाट जुगाड केलाय. नोकरी पुण्यात खराडीला, घर नगरला. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण आमच्या बोलण्यात ते अजून नगरच. दर वीकेंडला छोट्या हॅचबॅकमधून जाऊन-येऊन साधारण २४० किलोमीटर. पठ्ठ्याने पुढची अर्धी जाळी पुठ्ठ्याने झाकली, चाकांवर सपाट झाकणं बसवली आणि बंपरखाली प्लॅस्टिकची शीट लावली. सगळं टेप आणि केबल टायच्या भरवशावर. आता त्याला गाडीला मागे निमुळतं शेपूट लावायचंय.

हसू नका, फंडा पक्का आहे. पुण्याहून येताना सुप्याजवळ डोंगरावर पवनचक्क्या दिसतात ना, तिथे जी हवा वीज बनवते, तीच खाली रस्त्यावर तुमचं पेट्रोल पिते. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० वर गेलात, तर विरोध दीडपटीहून जास्त आणि तो कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट! छोट्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडला, तर ताशी ५०-६० पर्यंत टायरचं घर्षण मोठं असतं, त्यापुढे हवा बाजी मारते.

बरं, खरा घोळ गाडीच्या पुढे नसतो, मागे असतो. हॅचबॅकचा पार्श्वभाग एकदम कापल्यासारखा. तिथे हवा सुटते, भोवरे तयार होतात आणि कमी दाबाची ती पोकळी गाडीला मागे ओढत राहते. वुनिबाल्ड काम या जर्मन इंजिनिअरने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं, की लांबलचक शेपटाची गरज नाही. छत हळूहळू उतरतं ठेवून मग सरळ कापलं तरी बराच फायदा मिळतो. अमेरिकेत तर एका हौशी माणसाने १९९२ च्या होंडा सिव्हिकला घरच्या घरी एवढं लांब शेपूट जोडलं, की हवेचा विरोध निम्म्यावर आल्याचा त्याचा दावा होता. दिसायला गाडी मात्र... जाऊ दे!

आमच्या नगरच्याच वाहननगरमध्ये व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. गाड्यांना अधिकृत चाचणीचं सर्टिफिकेट देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. गाडीला वारा किती अडवतो, हे मोजायची शास्त्रशुद्ध पद्धत अगदी साधी आहे. टेस्ट ट्रॅकवर गाडी वेगात न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांनी. पुढे तेच आकडे रोलरवरच्या मशीनला देऊन मायलेज काढतात. आपल्याकडे हे आकडे आजवर ज्या ड्रायव्हिंग सायकलवर निघत आले, तिचं नाव एमआयडीसी (सुप्याच्या एमआयडीसीशी काही संबंध नाही!), आणि तिच्यात टॉप स्पीड ताशी ९०. तुम्ही ११० ने हाणणार आणि मग कंपनीला शिव्या देणार, हे काही बरोबर नाही.

हा न्यूट्रलचा प्रयोग कामरगावच्या घाटात मात्र करू नका. पेट्रोल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडणारे महाभाग आजही आहेत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट ते आयडलिंगला जळत राहतं, शिवाय उतारावर इंजिनाचा ब्रेकही जातो.

आता पैशांचं बोलू. वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला १८ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे सुमारे ६६७ लिटर. सगळ्या टेप-पुठ्ठ्याने पाच टक्के वाचले असं धरू. हा आशावाद झाला, कारण वाघोली ते शिक्रापूर ट्रॅफिकमध्ये रांगताना हवेचा प्रश्नच येत नाही. तरी वाचले ३३ लिटर. शंभरच्या भावाने ३,३०० रुपये.

आणि दंड? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. चाकाची झाकणं ठीक आहेत, पण शेपूट? मित्राला मी सरळ सांगितलं, विसर! बंपरखालची शीट १०० च्या वेगात सुटून मागच्या बाइकवाल्यावर गेली तर काय, हाही प्रश्न आहेच. जाळीवरचा पुठ्ठा थंडीत चालून जाईल, पण एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढताना तापमानाच्या काट्यावर नजर हवी.

फुकटात होण्यासारखं बरंच आहे. महाबळेश्वर ट्रिपला लावलेला कॅरिअर अजून छतावर रिकामा असेल तर उतरवा. टायरमध्ये हवा नीट भरा. १०० ऐवजी ८० ने चला; खराडी-नगर अंतरात फार तर वीसेक मिनिटं जास्त लागतील. फरक मोजायचा असेल, तर मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. एकाच पंपावर, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, नेहमीसारखी जाऊन-येऊन ट्रिप करा, परत तशीच भरा. पुढच्या आठवड्यात बदल करून, त्याच्या पुढच्या आठवड्यात तो काढून. असं निदान सहा वीकेंड, आणि एसी सहाही वेळा सारखाच ठेवा.