३००० किलोमीटर चाललेल्या बुलढाण्यातल्या वाघाला प्राणीसंग्रहालयात का नाही ठेवलं?

लहान मुलांना जंगलातल्या वाघाची गोष्ट सांगायला घ्या, थोड्या वेळात प्रश्न येतोच, "मग त्याला पकडून झूमध्ये का नाही ठेवलं?" मोठी माणसं हा प्रश्न बहुतेक वेळा हसून टाळतात. खरं तर प्रश्न एकदम रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला बुलढाणा जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तर झालं असं की, यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचं अभयारण्य आहे. तिथल्या एका वाघिणीला वनविभागाने टी१ असा क्रमांक दिला होता. तिला तीन नर पिल्लं होती. त्यातल्या एकाचं कागदोपत्री नाव टी१सी१, म्हणजे टी१ चं पहिलं पिल्लू. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली आणि जून महिन्यात त्याने घर सोडलं.

घर का सोडलं? वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षं आईसोबत राहतं. शिकार तिच्याकडूनच शिकतं. त्यानंतर, खास करून नराला, स्वतःचा इलाका शोधावा लागतो. टिपेश्वर आहे जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आणि तिथे आधीपासून वाघ होते. जागा मिळाली नाही की तरुण वाघ चालू लागतो.

हा मात्र चालतच राहिला. यवतमाळमधून तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली असं करत एकूण सात जिल्हे त्याने पालथे घातले. कॉलर दर तासाला त्याचं लोकेशन पाठवत होती. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लाईव्ह लोकेशन पाठवतो, अगदी तसंच. अशा पाच हजारांहून जास्त नोंदी झाल्या. सरळ रेषेत टिपेश्वर ते ज्ञानगंगा अंतर अडीचशे किलोमीटरही भरत नाही, पण डिसेंबर २०१९ मध्ये तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा १३०० किलोमीटर चालून झाला होता. पुढेही त्याची भटकंती सुरूच होती. नऊ महिन्यांचा हिशेब लागला ३००० किलोमीटर! भारतात नोंदवला गेलेला हा वाघाचा सगळ्यात लांबचा प्रवास मानला गेला आणि त्याचं नाव पडलं 'वॉकर'.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. हा वाघ शेतांमधून, वस्त्यांजवळून गेला. तो बहुतेक रात्री चालायचा. रानडुकरं मारायचा, कधी गुरंही मारायचा. एकदा तो झुडपात आराम करत असताना काही माणसं तिथे शिरली आणि त्यातला एक जण जखमी झाला. ज्याचा बैल गेला किंवा ज्याच्या घरातला माणूस जखमी झाला, त्याला "पकडा त्याला" असं वाटणं चुकीचं नाही.

पण कायदा वेगळं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वाघ पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे त्याला सगळ्यात कडक संरक्षण आहे. त्याला माणसाच्या जिवाला धोका म्हणून पकडायचं असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कारणं नमूद करून लेखी परवानगी द्यावी लागते. पकडल्यानंतरही त्याला कायमचं पिंजऱ्यात ठेवता येत नाही. हा प्राणी पुन्हा जंगलात जगूच शकणार नाही, अशी खात्री झाली तरच तसं करता येतं. वॉकर धडधाकट होता, शिकार करत होता, माणसांपासून लांब राहत होता. त्याला प्राणीसंग्रहालयात ठेवायला कारणच नव्हतं.

मग प्राणीसंग्रहालयात दिसतात ते वाघ कोण? त्यातले बरेचसे तिथेच जन्मलेले असतात. बुलढाण्यापासून सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आहे. तिथे डिसेंबर २०२० मध्ये समृद्धी नावाच्या वाघिणीला पाच बछडे झाले. त्यांना मांस वेळेवर मिळतं, आजारी पडले तर डॉक्टर येतात, पण शिकार कुणी शिकवत नाही. म्हणून मोठे झाल्यावर त्यांना ज्ञानगंगेत नेऊन सोडता येत नाही. याच उद्यानात पांढरे वाघही आहेत. मुलांना ती वेगळी जात वाटते. ती वेगळी जात नाही. हा रंगाच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल आहे आणि नात्यातल्याच वाघांच्या जोड्या लावून माणसाने तो टिकवला आहे.

दुसरे असतात ते जंगलातून आलेले. आई मेलेली पिल्लं, फासात अडकून जायबंदी झालेले, दात तुटलेले, नाहीतर माणसांशी संघर्ष वाढलेले. नागपूरचं गोरेवाडा हे अशांसाठीचं बचाव केंद्र आहे. २६ जानेवारी २०२१ ला तिथली सफारी सुरू झाली. तिथे गाडीतून वाघ दिसला तर मुलांना एवढं जरूर सांगा की तो इथे हौसेने आलेला नाही.

जागेचं गणित तर शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांत वाघाच्या जोडीसाठी किमान १००० चौरस मीटरचं मोकळं आवार सांगितलं आहे. म्हणजे साधारण दहा गुंठे. ज्ञानगंगा अभयारण्य आहे २०५ चौरस किलोमीटर, म्हणजे पन्नास हजार एकर. आणि तिथे वाघ होता एक!

अर्थात वॉकर एकटा असला तरी जंगल रिकामं नव्हतं. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या बोथा घाटातून गेलेल्यांना हे रान माहीत असेल. इथे बिबटे, नीलगायी, चितळ, रानडुकरं, मोर आहेत आणि या भागाची खरी ओळख असलेलं अस्वल आहे. अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी चक्क ओढून घेतं, आवाज लांबपर्यंत ऐकू येतो. आई पिल्लांना पाठीवर बसवून फिरते. झूमध्ये हे क्वचितच बघायला मिळतं.

झूमध्ये गेल्यावर पाळायचा एक नियमही मुलांना सांगून ठेवा, कारण तो नुसत्या पाटीपुरता नाही. प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आरडाओरडा करून त्रास देणं, इतकंच काय, तिथे कचरा करणं हासुद्धा याच १९७२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा मोठ्यांनाच होते, चिप्स फेकणारेही बहुतेक वेळा मोठेच असतात.

वॉकरच्या कॉलरची बॅटरी संपत आल्यावर २०२० मध्ये ती काढून घेतली गेली आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला ट्रॅप कॅमेरे उरले. मग चर्चा सुरू झाली की त्याला जोडीदार म्हणून एखादी वाघीण ज्ञानगंगेत आणून सोडावी का. मुलं यावर लगेच "हो" म्हणतील. तज्ज्ञांना मात्र ते इतकं सोपं वाटलं नाही. अभयारण्य फार मोठं नाही आणि भोवती सगळीकडे शेती. वाघीण आली, पिल्लं झाली, तर दोन वर्षांनी तीही बापासारखीच नवी जागा शोधायला निघणार, आणि त्यांची वाट पुन्हा कुणाच्या तरी शेतातूनच जाणार.