जगज्जेत्याची चित्रपोथी

तलवारीच्या बळावर राज्ये मिळविणारे वीर जगाच्या इतिहासात पुष्कळ होऊन गेले. परंतु त्यांपैकी फार थोड्यांची नावे लोकांच्या स्मरणात राहिली. मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर हा अशा थोड्यांपैकी एक होय. इ.स.पूर्व 356 मध्ये तो जन्मला आणि इ.स.पूर्व 323 मध्ये, वयाची तेहेतीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, बाबिलोन नगरीत मरण पावला. एवढ्या अल्प आयुष्यात त्याने ग्रीसपासून पंजाबपर्यंतचा मुलूख पादाक्रांत केला. त्याच्या मृत्यूनंतर ते साम्राज्य त्याच्या सेनापतींनी आपसांत वाटून घेतले. राज्य गेले, पण नाव राहिले. ज्या इराणला त्याने जिंकले, त्याच इराणच्या भाषेत त्याच्यावर महाकाव्ये रचली गेली. तेथे त्याला 'इस्कंदर' म्हणतात. आपल्याकडे तोच 'शिकंदर' या नावाने ओळखला जातो.

या काव्यांत कवी निजामी याच्या 'सिकंदरनाम्या'ची कीर्ती मोठी आहे. निजामी हा बाराव्या शतकातील कवी. आजच्या अझरबैजान देशातील गंजा हे त्याचे गाव. त्याने फारसी भाषेत पाच दीर्घकाव्ये लिहिली. त्यांना मिळून 'खम्सा', म्हणजे पंचक, असे म्हणतात. सिकंदरनामा हे त्यांपैकीच एक असून त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात शिकंदराचे पराक्रम आहेत. दुसऱ्या भागात तो ज्ञानाच्या शोधात निघालेला राजा म्हणून दिसतो. हा काही इतिहास नव्हे. जग जिंकून झाल्यावर जेत्याच्या हाती शेवटी काय उरते, हा प्रश्न कवीने त्यात विचारला आहे.

त्या दृष्टीने काव्यातील दोन प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला प्रसंग इराणचा बादशहा दारा याच्या मृत्यूचा. दाराच्याच दोन सरदारांनी बक्षिसाच्या लोभाने आपल्या धन्यावर शस्त्र चालविले. शिकंदर धावत आला, तो त्याचा शत्रू धुळीत पडलेला! त्याने दाराचे मस्तक आपल्या मांडीवर घेतले आणि त्याचे अखेरचे शब्द ऐकून घेतले. मारेकऱ्यांना पुढे देहदंड झाला. दुसरा प्रसंग अमृताच्या झऱ्याचा आहे. जो ते पाणी पिईल तो अमर होईल, असे ऐकून शिकंदर अंधाराच्या प्रदेशात शिरला. त्याच्या पुढे गेलेल्या खिज्र नावाच्या सत्पुरुषाला तो झरा सापडला. शिकंदर मात्र अंधारात भटकून रित्या हाताने परत आला. सारी पृथ्वी जिंकणाऱ्याला ओंजळभर पाणी मिळाले नाही.

निजामीच्या मृत्यूनंतर सुमारे चारशे वर्षांनी त्याच्या पाचही काव्यांची एक अपूर्व पोथी हिंदुस्थानात तयार झाली. ती मोगल सम्राट अकबर याच्यासाठी इ.स. 1595 मध्ये पूर्ण झाली. त्या काळी अकबराचा दरबार लाहोरला होता. अकबराला लिहिता-वाचता येत नसे, असे त्याचा पुत्र जहांगीर याने नमूद केले आहे. परंतु विद्येची आवड अक्षरओळखीवाचूनही असू शकते. अकबर रोज ग्रंथ वाचवून घेई. वाचन जेथे थांबे त्या पानावर तो स्वतःच्या हाताने खूण करी, आणि जितकी पाने वाचून झाली असतील त्या मानाने वाचणाऱ्याला बक्षीस देई. अशा ऐकविल्या जाणाऱ्या ग्रंथांत निजामीचे पंचकही होते, असे अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त लिहिले आहे.

अशी पोथी एका माणसाच्या हातून होत नसे. बादशहाच्या ग्रंथशाळेत अनेक कारागीर एकत्र काम करीत. कागदाला प्रथम खळ लावीत आणि अकीकाच्या दगडाने तो असा घोटीत की, त्यावरून बोरू अडखळू नये. मग ताणलेल्या दोऱ्यांच्या पट्टीवर कागद दाबून ओळी उमटवीत. लेखक काजळीच्या शाईने मजकूर लिही आणि चित्रासाठी जागा कोरी सोडी. ती जागा भरण्याचे काम चित्रकाराचे. पुष्कळदा मुख्य चित्रकार आकृती आखून देई आणि दुसरा रंग भरी. निळा रंग बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून, तांबडा हिंगुळापासून करीत. खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले इतके बारीक असत की, घोड्याच्या आयाळीचा एकेक केस वेगळा दाखविता येई. शेवटी सोन्याच्या शाईने समास नक्षीदार करीत. कागद घोटणाऱ्याने हलगर्जीपणा केला तर लेखकाचे अक्षर बिघडे. लेखक चुकला तर चित्रकाराचे श्रम वाया जात. प्रत्येकाची अब्रू दुसऱ्याच्या हाती होती.

या पोथीतील चित्रांखाली चित्रकारांची नावे नोंदलेली आहेत. लाल, मुकुंद, मनोहर, धर्मदास, भीम गुजराती, सूर गुजराती अशी ती नावे आहेत. काव्य इराणी परंपरेचे, नायक ग्रीक, आश्रयदाता मोगल आणि कुंचला धरणारे हात बहुतेक हिंदुस्थानी, असा हा मेळ होता.

मधु नावाच्या चित्रकाराचे एक चित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्याची कथा सिकंदरनाम्याच्या दुसऱ्या भागातील आहे. शिकंदराच्या दरबारात अरिस्टॉटलला आपल्या ज्ञानाचा गर्व झाला. तेव्हा प्लेटो एकांतात गेला आणि त्याने संगीताची अशी विद्या साधली की, एका स्वराने रानातील पशू निपचित पडत आणि दुसऱ्या स्वराने पुन्हा जागे होत. अरिस्टॉटलनेही खटपट करून पशूंना झोपविले. पण त्यांना जागे करणे त्याला साधेना! अखेर त्याला प्लेटोकडेच जावे लागले. चित्रात प्लेटो वाद्य वाजवीत बसला आहे आणि हिंस्र व गरीब जनावरे त्याच्याभोवती निश्चल पडली आहेत. गंमत अशी की, ते वाद्य म्हणजे युरोपातील ऑर्गन आहे. हाजी हबीबुल्ला नावाच्या सरदाराने पोर्तुगीजांच्या गोव्याहून युरोपीय वस्तू दरबारात आणल्या होत्या, आणि ऑर्गनही त्यानेच आणला अशी त्या काळची नोंद आहे. गोव्याच्या बंदरातून आलेली नवलाई अशी प्राचीन ग्रीक कथेच्या चित्रात जाऊन बसली.

या कथेचा अर्थ शिकंदरालाही लागू पडतो. निजविणे सोपे, जागे करणे कठीण. नगर जाळणे एका रात्रीचे काम, ते वसविणे पिढ्यांचे. तलवारीला यातील पहिली विद्या येते, दुसरी येत नाही.

पोथीचे शेवटचे पान या सर्वांवर कळस चढविते. हा सारा ग्रंथ अब्दुल रहीम नावाच्या लेखकाने लिहिला. त्याच्या सुंदर अक्षरामुळे त्याला 'अंबरीन कलम', म्हणजे सुगंधी लेखणीचा धनी, अशी पदवी मिळाली होती. पुढे जहांगीरच्या आज्ञेवरून चित्रकार दौलत याने या पानावर एक चित्र काढले. त्यात सिंहासन नाही, हत्ती नाही, रणांगण नाही. अब्दुल रहीम लिहीत बसला आहे आणि समोर खुद्द दौलत त्याचे चित्र काढीत आहे. जगज्जेत्याच्या काव्याला स्थान देणाऱ्या या पोथीचा शेवट दोन कारागिरांच्या चित्राने व्हावा, आणि ते चित्र एका बादशहाने काढवून घ्यावे, यात त्या बादशहाचीही गुणग्राहकता दिसते.

पुढे मोगलांचे साम्राज्यही लयाला गेले आणि पोथी परदेशी गेली. तिची काही पाने तिच्यापासून सुटली. मोठा भाग 1958 मध्ये एका संग्राहकाच्या मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाला. आता तो तेथील ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुटलेली 39 पाने अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात आहेत. मरणोन्मुख दाराजवळ बसलेल्या शिकंदराचे चित्र त्या पानांतच आहे. एका पोथीच्या दोन भागांत आज अटलांटिक महासागर पसरलेला आहे.

शिकंदराला अमृताचा झरा सापडला नाही. त्याचे साम्राज्य नकाशावरून पुसले गेले, दाराचे गेले, अकबराचेही गेले. घोटलेल्या कागदावर बोरूने लिहिलेली अक्षरे मात्र चारशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत आणि ज्यांनी ती सजविली त्यांची नावे आजही वाचता येतात. जेत्याला हुलकावणी देणाऱ्या त्या पाण्याचे दोन थेंब जणू अब्दुल रहीमच्या दौतीत आणि दौलतच्या रंगाच्या शिंपल्यात पडले होते.