उलटसुलट फिरणारी जीवाणूची मोटार

चाकाचा शोध हा मानवी संस्कृतीतील मोठा टप्पा मानला जातो. तथापि, माणूस अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीपासून निसर्गात एक फिरते यंत्र अव्याहत सुरू आहे आणि ते आपल्या आतड्यातही आहे. ‘ई. कोलाय’ या जीवाणूच्या अंगावर अतिशय बारीक, लांब तंतू असतात. जीवशास्त्रात त्यांना कशाभिका म्हणतात. प्रत्येक कशाभिकेच्या बुडाशी एक मोटार असते. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका, पण वेग सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्यांचा! विशेष म्हणजे ही मोटार क्षणार्धात उलटी फिरू शकते. ती दिशा नेमकी कशी बदलते, या प्रश्नाचा उलगडा होण्यास मात्र सुमारे पन्नास वर्षे लागली.

कशाभिका चाबकासारखी वळवळत असावी, अशी पूर्वी अनेकांची समजूत होती. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९७३ मध्ये ती मुळापासून गोल फिरते, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा दिला. त्यांनी कशाभिका काचेला चिकटवली. पंख्याची पाती घट्ट धरून ठेवली, तर पंख्याची मोटारच फिरू लागेल; तसा अख्खा जीवाणू जागच्या जागी गरगर फिरू लागला. कधी एका दिशेने, तर कधी दुसऱ्या.

या दोन दिशांवर जीवाणूचा सारा प्रवास अवलंबून असतो. कशाभिकेच्या टोकाकडून पाहिले असता मोटारी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत असतील, तर सर्व कशाभिकांची एक जुडी बनते आणि जीवाणू सरळ पोहत जातो. यातील काही मोटारी काट्यांच्या दिशेने, म्हणजे सुलट, फिरू लागल्या की जुडी विस्कटते आणि जीवाणू गटांगळी खातो. साधारण एक सेकंद पोहणे आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी गटांगळी, असा हा क्रम असतो. गटांगळीनंतर तोंड कोणत्या दिशेला वळेल, हे मात्र त्याच्या हाती नसते.

मग तो अन्नापर्यंत पोहोचतो कसा? कोठे जायचे हे त्याला ठरवता येत नसले, तरी आहे ती वाट कधी सोडायची हे ठरवता येते. गेल्या सेकंदाभरात आसपास किती अन्न होते आणि त्याआधीच्या तीनेक सेकंदांत किती होते, याची तुलना तो सतत करीत असतो. अन्न वाढत असेल, तर गटांगळी लांबणीवर पडते. अन्यथा ती लवकर येते. योग्य दिशेची धाव अशी लांबत गेल्याने, मेंदू नसलेला हा जीव अखेर अन्नाकडे सरकतो.

हा निरोप मोटारीपर्यंत नेण्याचे काम ‘चे-वाय’ नावाचे प्रथिन करते. परिस्थिती प्रतिकूल होऊ लागली की या प्रथिनाला फॉस्फेटची जोड मिळते आणि ते मोटारीच्या तळाशी असलेल्या ‘सी-रिंग’ या कड्याला जाऊन चिकटते. अशा रेणूंची संख्या थोडीशी वाढली, तरी संपूर्ण कडे एकदम पालटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हा बदल किती तीव्र असतो, हे एकेका जीवाणूवर मोजून दाखवण्यात आले.

पण कडे पालटते म्हणजे काय होते? कड्याभोवती पेशीच्या आवरणात लहान ‘इंजिने’ बसवलेली असतात. बाहेरील प्रोटॉन त्यांच्यातून आत येतात आणि त्या प्रवाहावर ती चालतात. ही इंजिने स्वतःही फिरत असावीत, असे २०२० मध्ये त्यांची रचना उलगडल्यावर दिसून आले. गंमत अशी, की ती नेहमी एकाच, म्हणजे सुलट दिशेने फिरतात. दिशा बदलते ती केवळ त्यांचा कड्याशी संपर्क कोणत्या बाजूने येतो यामुळे.

रसवंतीगृहातील चरक आठवून पाहावा. एकमेकांना टेकलेले दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. कडे आकसलेले असताना इंजिन त्याला बाहेरून टेकते, म्हणून कडे उलट फिरते. ‘चे-वाय’ चिकटले की कड्याची वरची किनार वळून बाहेर सरकते आणि इंजिन कड्याच्या आतल्या अंगाला येते. बांगडीच्या आतल्या कडेला टेकवलेली पेन्सिल जिकडे फिरवावी, तिकडेच बांगडी फिरते. तसेच येथे कडे इंजिनाच्या दिशेने, सुलट फिरू लागते. इंजिन न थांबवता, प्रोटॉनांचा प्रवाह न बदलता दिशा पालटते. साल्मोनेला जीवाणूमधील कड्याच्या या दोन्ही अवस्थांची सविस्तर चित्रे २०२४ मध्ये दोन संशोधन गटांनी प्रसिद्ध केली.

या माहितीचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. जठरात व्रण निर्माण करणारा ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जीवाणू अशाच मोटारींच्या बळावर जठरातील आम्लापासून दूर, श्लेष्माच्या थरात आश्रय घेतो. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. पोहण्याची क्षमता नसलेल्या या जीवाणूंना प्राण्यांवरील प्रयोगांत जठरात नीट बस्तान बसवता आले नाही.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची संख्या वाढत असताना ही बाब निश्चितच विचार करण्याजोगी आहे. जीवाणूला ठार मारण्याऐवजी त्याची वाट चुकवता आली, तर? त्यासाठी त्याची मोटार कोठे आणि कशी वळते, हे आधी माहीत असावे लागते. ते आता बऱ्याच अंशी कळले आहे.