छातींतील धडधड : मनाची कीं हृदयाची ?

"जिना चढलें कीं छाती धडधडते, घेरी येते, कधीं कधीं कळही येते," असें सूनबाईंनीं भीतभीत सांगितलें, तर सासूबाई म्हणतात, "उपासानें होत असेल." मामंजी म्हणतात, "मनाला लावून घेण्याचा स्वभाव, दुसरें काय !" लिंबाचें सरबत पुढें येतें व विषय संपतो. आमच्या मतें विषय खरा तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याच्या नाडीचे मिनिटास साधारणपणें ६० ते १०० ठोके पडतात. श्रमानें, भीतीनें किंवा कडक चहा-कॉफीनें ते वाढतात व पुन्हां उतरतात. त्याची काळजी नको. परंतु धडधडीच्या जोडीस घेरी व वेदना आल्या, म्हणजे कारण शोधिलेंच पाहिजे.

सर्वांच्या मागून, उरलेंसुरलें जेवणाऱ्या गृहिणींच्या बाबतींत प्रथम आठवावयाचें कारण म्हणजे पांडुरोग. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या दर डेसिलिटर रक्तांत १२ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असेल, तर तो झाला असें समजतात. रक्तांतून प्राणवायु कमी पोंचूं लागला कीं हृदयाला अधिक वेगानें राबावें लागतें. थायरॉइड ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करूं लागली तरी हेंच होतें. मग हात कांपतात, खाऊनही वजन घटतें. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्यांची साखर फार उतरली, तर घाम सुटून धडधडतें. लहानपणीं सांधे धरून आलेल्या तापानें कित्येकींच्या हृदयाची झडप आकसते, व तें पुष्कळदां गरोदरपणींच प्रथम उघडकीस येतें. कांहींच्या हृदयाची लयच एकाएकीं बिघडते. मनाच्या धास्तीनेंही धडधडतें, हें खरें; पण तो निष्कर्ष इतर कारणें तपासून झाल्यावर काढावा, आधीं नव्हे.

हृदयाच्या विद्युत्-आलेखाच्या शोधाबद्दल आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञास १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज हा आलेख कांहीं मिनिटांत निघतो. मात्र धडधड थांबल्यावर काढलेला आलेख निर्दोष येऊं शकतो; तेवढ्यावरून रुग्णास खोटें ठरवूं नये. अशा वेळीं डॉक्टर २४ तास किंवा अधिक काळ नोंद ठेवणारें यंत्र अंगावर बांधतात.

छातींत दाब वा कळ येऊन ती हात, जबडा किंवा पाठ यांकडे जाऊं लागली, धाप लागली, थंड घाम सुटला किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती उपायांत क्षणही दवडूं नये. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास चालवूं नये. स्त्रियांत वेदना सौम्य असून मळमळ व विलक्षण थकवाच पुढें येतो, असेंही घडतें.

आमचें मागणें थोडेंच आहे. पुढच्या वेळीं सूनबाईंनीं तक्रार केली, तर घरांतील कोणीं तरी घड्याळ समोर ठेवून त्यांची नाडी पुरता एक मिनिट मोजावी, ठोके नियमित आहेत कीं कसे तें पाहावें, वेळ टिपून ठेवावी आणि तो कागद घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जावें.