भाचीचा रंग

निकाहनंतर तिसऱ्या आठवड्यात अम्मींनी सांगून टाकलं, “ते मोबाईल नको मला. हातात धरता येतील असे फोटो द्या.” अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, वय ७८. मोबाईलवरचा फोटो त्यांचं बोट लागताच सरकतो, नाहीतर एवढा मोठा होतो की नवरीचं नुसतं नाक दिसतं. त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

घरात प्रिंटर होता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांच्या स्वाध्यायपत्रिका काढायला घेतलेला, शाईच्या चार टाक्यांचा. तोवर त्याच्यावर उर्दूचे उतारे आणि मराठीच्या प्रश्नपत्रिका एवढंच निघालं होतं. आम्ही चकचकीत फोटो पेपरचं पाकीट आणलं, नवरीचा एक छान फोटो निवडला आणि बटण दाबलं. बाहेर आला तो चेहरा भाजलेल्या विटेसारखा. अम्मींनी तो हातात घेऊन विचारलं, “ही कोण?”

हसण्यावारी गेलं असतं, पण ही नवरी, म्हणजे आमच्या नणंदेची लेक, सावळी आहे. लग्न जमेपर्यंत त्या सावळेपणावरून तिनं काय काय ऐकलं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या अल्बममध्ये फोटोवाल्यानं तिला इतकं उजळ करून दिलं की चेहरा एका मुलीचा आणि मेहंदीचे हात दुसरीचे वाटतात. नणंदबाई त्यावर खूश होत्या. भाची नव्हती. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिनं हळूच सांगितलं, “मुमानी, सगळ्यांनी मला गोरी करून ठेवलंय. नानीच्या अल्बममध्ये तरी मला माझ्या रंगाची काढा.”

बोलायला सोपं होतं. तिचा रंग कागदावर उतरायला आम्हाला दीड महिना लागला.

आधी आम्हाला हे कळून घ्यावं लागलं की स्क्रीन आणि कागद यांचा स्वभावच वेगळा. स्क्रीन हा दिवा आहे. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तो रंग दाखवतो, तिन्ही पूर्ण लावले की पांढरा दिसतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावरची शाई खोलीतल्या उजेडाचा काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणून प्रिंटरच्या शायाही वेगळ्या, सायन म्हणजे आकाशी, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळी आणि काळी. शाई वाढवत गेलं की रंग काळवंडत जातो, चित्रकलेच्या तासाला रंगपेटीजवळच्या वाटीतलं पाणी होतं तसं. मेहंदीच्या दिवसाची भाचीची पोपटी ओढणी स्क्रीनवर जशी झळाळते तशी या चार शायांतून निघूच शकत नाही. तो रंग त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. हे समजल्यावर निम्मी चिडचिड कमी झाली.

विटेच्या रंगाचं कारण मात्र अगदी साधं निघालं. प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये ‘नोझल चेक’ असतं. त्यानं साध्या कागदावर चारही शायांच्या बारीक रेघांची जाळी छापून येते. आमच्या जाळीत आकाशी रेघा जागोजागी तुटलेल्या होत्या. आकाशी कमी पडली की चेहरा लालभडक होतो, गुलाबी कमी पडली की हिरवट दिसतो आणि पिवळी गेली की निळा-जांभळा. प्रिंटर महिना-महिना पडून राहतो, शाई बारीक छिद्रांत वाळते, म्हणून हे होतं. ‘हेड क्लिनिंग’ दोनदा केल्यावर रेघा जुळल्या. तीनदा करूनही जुळल्या नाहीत तर थांबावं, प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी पुन्हा बघावं. सफाईत शाई भरपूर जाते आणि ती प्रिंटरच्या पोटातल्या पॅडमध्ये साठत राहते. आता आम्ही जुम्म्याच्या जुम्म्याला एक रंगीत पान काढतो. मुलांना भूगोलाचा नकाशा मिळतो आणि प्रिंटरचा घसा मोकळा राहतो.

लाली गेली, पण फोटो काळोखे येऊ लागले. आम्ही लॅपटॉपवर ते उजळवायचे, तरी कागदावर ते गढूळच. दोष लॅपटॉपच्या स्क्रीनचा होता. तिचा उजेड आम्ही नेहमी पूर्ण ठेवायचो. एवढ्या प्रखर दिव्यामागे अंधारा फोटोही लख्ख दिसतो. शिवाय संध्याकाळनंतर स्क्रीन आपोआप पिवळी होण्याची ‘नाइट लाइट’ची सोय कुणीतरी लावून ठेवली होती. आम्ही शाळा, स्वयंपाक आवरून रात्री बसणार, स्क्रीन पिवळी, म्हणून फोटोत निळा घालणार आणि सकाळी नवरा-नवरी दोघं निळसर! ती सोय बंद केली. मग दिवसा, खिडकीचा उजेड येणाऱ्या खोलीत, स्क्रीनवर कोरं पान उघडलं, शेजारी कोरा फोटो पेपर धरला आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत स्क्रीनचा उजेड खाली आणला. आमच्या लॅपटॉपवर तो निम्म्याच्याही खाली गेला. स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्रही मिळतं, पण एका अल्बमसाठी ते घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. कागद शेजारी धरून बरंच निभावतं. मोबाईलवर फोटो निवडत असाल तर डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वरून ‘नॅचरल’वर आणा. त्या भडकपणाला भुलून आम्ही पहिले पंधरा फोटो निवडले होते.

उजेडाची गंमत आपल्या बायांना शिकवायची गरज नाही. मॅचिंग सेंटरमध्ये दुपट्ट्याचं कापड घेताना आपण ते दारापर्यंत आणून बघतोच, कारण दुकानाच्या ट्यूबखाली जुळलेला रंग रस्त्यावर येताच फारकत घेतो. फोटोचंही तेच. छापलेला फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली पाहून दुरुस्त करायला बसू नये. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, थेट ऊन नसलेल्या खिडकीशी, रंगीत पडदा बाजूला सारून बघावा. आमच्याकडे तर आणखी एक गंमत. अम्मींच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. पिकलेला मोतीबिंदू सगळं पिवळट दाखवतो. त्यामुळे एकच फोटो त्यांना एका डोळ्यानं पांढरा आणि दुसऱ्यानं मलईच्या रंगाचा दिसतो. त्या डोळे आलटून पालटून मिटायच्या आणि आमची परीक्षा घ्यायच्या.

मग कागदाची पाळी. छापताना ‘पेपर टाइप’ विचारला जातो तिथं आम्ही काहीच बदललेलं नव्हतं, म्हणजे ‘प्लेन पेपर’ राहिलं होतं. प्रिंटर त्यावरूनच शाई किती टाकायची ते ठरवतो. आपण घातलेला कागद तो ओळखत नाही. आपण सांगू ते खरं धरतो. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ केल्यावर रंगांत जान आली, पण नवऱ्यामुलाची काळी शेरवानी तपकिरी झाली. आमच्या प्रिंटरची काळी शाई अक्षरांसाठीची, पिगमेंटची आहे. ती चकचकीत कागदावर धरत नाही, म्हणून तिथं प्रिंटर उरलेल्या तीन शायांतून काळा बनवतो आणि तिघींपैकी एक जरी जास्त झाली की शेरवानी चहाच्या रंगाची. त्यात आमचाच एक हलगर्जीपणा. मध्यंतरी पिवळी शाई संपली तेव्हा आम्ही स्वस्तातली दुसरीच बाटली ओतली होती. तिथून पुढचे रंग कधीच एकसारखे आले नाहीत. ती टाकी संपेपर्यंत वाट पाहिली, मग मूळची शाई भरली आणि तेव्हापासून कागदही एकाच पाकिटाचा ठेवला.

आता थोडं किचकट, पण भाषेच्या शिक्षकांना सोपं वाटेल असं. प्रत्येक यंत्राची रंगांची बोली वेगळी असते, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्याला प्रोफाइल म्हणतात. १९९३ मध्ये अॅडोबी, अॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम स्थापून या दुभाष्यांचे नियम बांधले. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये ‘एसआरजीबी’ ही बोली पुढे आणली. घरगुती प्रिंटर अजून तीच समजून चालतो. फोटोवाल्याच्या पेनड्राइव्हमधले काही फोटो मात्र ‘अॅडोबी आरजीबी’ या मोठ्या बोलीत होते. तसेच छापले तर ते निस्तेज, आजारी दिसायचे. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्व्हर्ट टू एसआरजीबी’ केल्यावर चेहऱ्यांवर तजेला आला.

दुसरा घोळ दोन दुभाष्यांचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरचं प्रोफाइल निवडलं आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही रंगदुरुस्ती चालू ठेवली, की एकाच मजकुराचा दोनदा तर्जुमा होतो. उर्दूचं मराठी केलं आणि त्या मराठीला पुन्हा उर्दू समजून आणखी एकदा मराठी केलं तर काय होईल, तसंच रंगांचं होतं. दोघांपैकी एकालाच काम द्यावं. सॉफ्टवेअर करणार असेल तर प्रिंटरमध्ये ‘नो कलर अॅडजस्टमेंट’. नाहीतर सगळं प्रिंटरवर सोपवून सॉफ्टवेअरनं गप्प बसावं. आम्ही दुसरा मार्ग धरला.

एक गोष्ट मात्र न चुकता बंद करा, ‘ऑटो करेक्ट’ किंवा ‘फोटो एनहान्स’ जे काही नाव असेल ते. ही सोय प्रत्येक फोटो स्वतंत्र पाहते आणि तिच्या मनाला येईल तसा उजळवते. तिच्यामुळे भाची एका फोटोत गव्हाळ, पुढच्यात फिकी, तिसऱ्यात पुन्हा काळसर येत होती. समोरासमोरच्या पानांवर एकच मुलगी तीन रंगांची! ही सोय बंद झाल्यावर पहिल्यांदा सगळे फोटो एकमेकांशी बोलू लागले.

चेहऱ्याचा नेमका रंग कोणता, हा झगडा जुना आहे. फिल्मच्या काळात अमेरिकेतली कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. शर्लीची कातडी बरोबर छापली गेली की यंत्र बरोबर, असा हिशेब. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात अंधारात जायचे, नुसते डोळे आणि दात दिसायचे. कॅनडातल्या संशोधिका लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर निबंध लिहिला. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डं कोडॅकनं १९९० च्या दशकात काढली. आज आपल्या मोबाईलमधला ‘ब्यूटी मोड’ त्या शर्लीचीच सून म्हणावी. सेल्फी घेण्याआधी तो शून्यावर आणा, कारण एकदा पुसलेला रंग मागून परत आणता येत नाही.

आम्ही ठरवलं, आमची शर्ली भाचीच. ती पुढच्या वेळी आली तेव्हा एकाच पानावर तिचा एक फोटो लहान आकारात सहा वेळा छापला, प्रत्येकात उजेड आणि पिवळेपणा जरासा वेगळा. मागे पेन्सिलीनं आकडे लिहिले. रात्रभर पान तसंच वाळू दिलं, कारण ताज्या शाईचा रंग काही तासांत थोडा बसतो आणि पावसाळी हवेत त्याला आणखी वेळ लागतो. सकाळी भाचीनं खिडकीशी आपला हात त्या सहांच्या शेजारी ठेवला. मनगटापासून वरचा, मेहंदी नसलेला. एक, दोन, पाच आम्ही बाजूला सारले. नणंदबाई दारातून म्हणाल्या, “दोन नंबर बरा दिसतो की.” दोन नंबर सगळ्यात उजळ होता. भाचीनं हात उचलला नाही. “अम्मी, हात इथे आहे, बघ ना.” नणंदबाई जवळ आल्या, हाताकडे पाहिलं, चौथ्या फोटोकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेल्या.

चौथ्याचे आकडे आम्ही वहीत उतरवले. बाकीच्या फोटोंना त्याच मापानं घेतलं. ज्यात भाची नव्हती तिथं बुजुर्गांच्या पांढऱ्या टोप्या कामाला आल्या. टोपी गुलाबी छापली तर सगळा फोटोच गुलाबी आहे असं समजायचं आणि टोपी पांढरी होईपर्यंत तेवढा रंग काढायचा. मात्र नीळ घातलेली टोपी फसवते, ती मुळातच निळसर असते. स्टेजवरच्या जांभळ्या एलईडी दिव्यांखालच्या फोटोंना इलाज सापडला नाही. ते आम्ही सोडून दिले. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो दाबून बारीक झालेले होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवले.

खर्चाचं विचाराल तर वाया गेलेले कागद धरून घरचा अल्बम स्वस्त पडला नाही. मोठ्या फोटोंसाठी आम्हीही लॅबमध्येच गेलो, पण जाताना ‘ऑटो करेक्शन नको, चेहरा उजळवू नका’ असं सांगितलं आणि आमचा चौथा नमुना सोबत दिला. त्यांनी तो समोर ठेवून छापलं.

अल्बम अम्मींच्या हातात दिला तो दिवस रविवारचा. त्यांनी खिडकीशी खुर्ची ओढून घेतली, डावा डोळा मिटला आणि पानं उलटायला लागल्या. नातीच्या फोटोवर बोट ठेवून बराच वेळ थांबल्या. “ही माझ्या आईवर गेलीय,” म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून आम्ही आजवर ऐकलं नव्हतं. मग मेहंदीच्या दिवसाचं पान आलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“ओढणी पोपटी होती. ही अशी मळकी का?”

आम्ही सांगितलं, तेवढा पोपटी आपल्या शाईत नाही.

“मग शाई बदला,” त्या म्हणाल्या.