वर्ध्याच्या उन्हातला थर्मोस्टॅट

मे महिन्यातली दुपार. बाबांना दाखवायला हिंगणघाटहून सेवाग्रामच्या रुग्णालयात निघालो होतो. आमची जुनी मारुती 800 दहा-बारा किलोमीटर धावली असेल नसेल, तोच काटा लाल रेषेला टेकला. गाडी बाभळीच्या सावलीत घेतली. ओला पंचा डोक्याला बांधून मागे बसलेले बाबा म्हणाले, "तुझ्या गाडीलाही ऊन लागलं का रे?"

बाबांना भावासोबत एसटीत बसवले आणि मी मेकॅनिक गाठला. इंजिन कढत, रेडिएटर मात्र जेमतेम कोमट. त्याने लगेच ओळखले: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता, पाणी रेडिएटरपर्यंत जातच नव्हते. "काढून फेका साहेब. आपल्या वर्ध्यात काय बर्फ पडते?"

पटले. त्या दिवशी घरी पोचलो तेही त्याच्यामुळेच. पण पुढे काटा वर चढेचना, डिसेंबरच्या सकाळी इंजिन कुरकुरू लागले आणि पेट्रोलचा खर्च वाढला. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. साधारण 82 अंशांना ते वितळून फुगते आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरते. थंड राहिलेले इंजिन जास्त पेट्रोल पिते, ऑइलमध्ये ओलावा धरते. बाहेर बर्फ असो वा लाही, इंजिनाला त्याची ऊब हवीच.

मग एका रविवारी नवा आणला. चहाचे पातेले मिळणार नाही, असे स्वयंपाकघरातून बजावले गेले. तेही योग्यच, कारण कूलंट विषारी. एका जुन्या डब्यात नवा-जुना दोन्ही दोऱ्याने टांगून पाणी उकळले. नवा हळूच उघडला. जुना ढिम्म!

इंजिन रात्रभर निवलेले होते. (गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते.) थोडे कूलंट परातीत काढून झाकून ठेवले; त्याच्या गोड चवीला कुत्री-मांजरे भुलतात. वरच्या होजजवळच्या टोपीचे दोन बोल्ट सोडले. जुने गॅस्केट खरवडण्यातच अर्धा तास गेला. थर्मोस्टॅट बसवला, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. नवे गॅस्केट, कूलंट, मग हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू.

पुढच्या तपासणीला बाबा पुन्हा मागेच बसले. काटा मध्यावर येऊन थांबला. सेवाग्राम येईपर्यंत त्यांनी चार वेळा विचारले, "काटा कुठे आहे रे?"