टोमॅटोची कळी का गळते? उन्हाळी प्लॉटबद्दलचे गैरसमज

कवठे महांकाळ तालुक्यात मार्च-एप्रिलमध्ये हिंडलं की माळावर जागोजागी बेदाण्याची शेड दिसतात. कडक ऊन, कोरडं वारं आणि पावसाचा पत्ता नाही, म्हणून इथला बेदाणा चांगला वाळतो. हीच हवा शेजारच्या रानातल्या टोमॅटोला मात्र सोसत नाही. एप्रिल तापला की कळी गळायला लागते आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो: पाणी वाढवा, टॉनिक मारा, कॅल्शियम सोडा. यातल्या बहुतेक सल्ल्यांनी खर्च तेवढा वाढतो, फळ वाढत नाही.

पहिला गैरसमज असा की आपला मुलूखच उष्ण, त्यामुळे इथलं पीक उन्हाला सरावलेलं असतं. खरी उष्णतेची लाट आली तरच धोका. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान 40 अंश सेल्सिअस गाठतं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर जातं, तेव्हा लाट मानतात. टोमॅटो एवढं थांबत नाही. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडचं, अँडीज पर्वताच्या अंगाचं. त्याला दिवसा 21 ते 28 आणि रात्री 15 ते 20 अंश मानवतात. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्री 21-22 च्या वर राहू लागला की फळधारणा घसरते. म्हणजे बातमीत लाटेचं नावही नसतं, तेव्हा प्लॉटचं नुकसान सुरू झालेलं असतं. आपण दुपारचा आकडा बघून हळहळतो. बघायला हवा तो पहाटेचा. रात्र गार झाली तर टोमॅटो बरंच ऊन सोसतो. रात्रही तापलेली राहिली की सावरायला त्याला वेळच मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे फूल गळालं की पाणी किंवा खत कमी पडलं, असं धरून चालणं. पाण्याचा ताण बसला तर फूल गळतं, हे खरं. पण ठिबक नीट चालू आहे, बेडमध्ये ओल आहे आणि तरी फूल गळतंय, तर कारण परागकणांत शोधावं. सकाळी प्लॉटमध्ये जाऊन एक फूल हातात घ्या. मधोमध पिवळी निमुळती नळी दिसते, ती पुंकेसरांची. तिच्या आत स्त्रीकेसर झाकलेलं असतं, म्हणून टोमॅटोचं फूल वाऱ्याने हललं तरी स्वतःच्याच परागांनी फळतं. उष्णतेत दोन गोष्टी बिघडतात. काही जातींत स्त्रीकेसराचं टोक नळीच्या बाहेर डोकावतं, आणि पराग त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. दुसरं म्हणजे परागच वांझ निघतात. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते. फळ धरलं नाही तर ती गाठ पिवळी पडते आणि फूल नेमकं तिथूनच सुटतं.

यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. परागकण सर्वांत नाजूक असतात ते फूल उमलण्याच्या साधारण 8 ते 13 दिवस आधी, कळी अगदी लहान असताना. आज गळालेलं फूल आठवडा-दीड आठवड्यापूर्वीच्या उन्हाचा हिशेब सांगतं. आज मारलेलं टॉनिक त्या कळीपर्यंत मागे जाऊन पोचू शकत नाही. संजीवकाच्या फवारणीने काही फळं धरतात, पण परागांवाचून धरलेल्या फळात बी कमी भरतं आणि फळ पोकळ राहण्याचा धोका असतो. मात्रा चुकली तर शेंडाही आकसतो.

दुपारी दोनला झाडाने मान टाकली म्हणून लगेच मोटर चालू करणं, हीसुद्धा अशीच घाई. भर उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना त्या घटकेला पुरवता येत नाही, म्हणून पानं लवतात. संध्याकाळी झाड ताठ झालं तर काळजीचं कारण नाही. सकाळी सातलाही ते मलूल असेल तर मात्र बेड उकरून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही झाड मलूल असेल तर मूळ कुजतंय किंवा मर लागली आहे. तिथे आणखी पाणी देणं म्हणजे झाड मारणं. वाफसा मोडला की मुळांना हवा मिळत नाही, आणि तापलेल्या ओल्या मातीत ती लवकर गुदमरतात.

या तालुक्यापुरतं बोलायचं तर पाणी एकूण किती मिळतं याइतकंच ते किती सारखं मिळतं, याला महत्त्व आहे. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी इथे आवर्तनाने येतं, विजेच्या वेळा आपल्या हातात नसतात. मग आधी ताण बसतो आणि पाणी आलं की एकदम भिजवण होते. त्यातून फळाच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो. त्यावर ‘कॅल्शियम कमी आहे’ असं म्हणून पोतं आणलं जातं. इथल्या चुनखडीच्या रानांत कॅल्शियमचा तोटा सहसा नसतो. ते फळापर्यंत पोचत नाही, ही अडचण. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि जिथून जास्त बाष्प उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे जातं. फळाच्या बुडाला उरलंसुरलं मिळतं, आणि पाण्यात खंड पडला की तेही नाही. शेततळं किंवा टाकीत पाणी साठवून ठिबकने रोज थोडं थोडं देणं हा त्यावरचा खरा उपाय.

पान वळलं की ‘व्हायरस आला’ म्हणून घाबरून फवारण्या वाढवणारेही पुष्कळ. खालची जुनी, हिरवीगार पानं लांबीने वर वळली असतील तर ते बहुधा उन्हाचं. शेंड्याची कोवळी पानं बारीक, पिवळसर होऊन चुरगळली आणि झाड खुजं राहिलं, तर बोकड्या. तो पांढरी माशी पसरवते. त्यासाठी लागणीआधीच कडेने मक्याच्या ओळी लावाव्यात. माशीला अडसर होतो आणि तापलेलं वारंही अडतं.

सावलीच्या बाबतीत ‘जितकी दाट तितकी बरी’ असं नाही. बेदाण्याच्या शेडला लावतात तसलं गडद हिरवं नेट टोमॅटोवर ताणलं की झाड उंच, लेचंपेचं होतं आणि फूल कमी येतं. 30 ते 35 टक्के सावली पुरते. जमिनीवर नुसता काळा मल्चिंग पेपर मुळांपाशी उष्णता वाढवतो. वर चंदेरी बाजू असलेला घ्या, नाहीतर उसाचं पाचट अंथरा. आणि ‘हवा खेळावी’ म्हणून ऐन एप्रिलमध्ये पानं ओरबाडू नका. उघड्या पडलेल्या फळावर पांढरा, कागदासारखा चट्टा येतो, आणि ते फळ मार्केटला कोणी उचलत नाही.

बियाण्याच्या पाकिटावर ‘उन्हाळी’ लिहिलं म्हणजे झालं, असंही नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा हायब्रीड-1’ रात्री 28 अंशांपर्यंत फळ धरतो म्हणून ओळखला जातो. म्हणजे सहन करणाऱ्या जातीलाही मर्यादा आहेच. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे लागणीची वेळ साधणं. डिसेंबर-जानेवारीत रोप टाकलं तर पहिले घोस कडक उन्हाच्या आधी धरतात.

एक गैरसमज गिऱ्हाइकाचा. मे महिन्यात टोमॅटो पिवळट-नारिंगी दिसला की ‘औषधाने पिकवलाय’ म्हणतात. टोमॅटोला लाल करणारं लायकोपिन 30-32 अंशांच्या वर नीट तयार होत नाही. पिवळा रंग देणारं कॅरोटीन तयार होत राहतं. म्हणून शेतकऱ्याने रंग फिरायला लागताच फळ तोडून सावलीत, हवेशीर जागी ठेवावं. झाडावर ठेवून वाट बघितल्याने लाली येत नाही, फळ मऊ मात्र पडतं.

शेवटचा प्रश्न प्लॉट उपटण्याचा. दोन-तीन घोस गळाले की ‘संपलं’ म्हणून तारा-काठ्या काढायला घेतात. शेंड्यात बोकड्या किंवा मर असेल तर उपटणंच योग्य. पण झाड निरोगी असेल आणि वळवाने रात्री गार पडल्या असतील तर थांबा. पाऊस पडल्या-पडल्या फळ दिसणार नाही, कारण तेव्हा उमललेल्या फुलांचे पराग आधीच्या उन्हात तयार झालेले असतात. साधारण दीड आठवड्यानंतर उमलणाऱ्या फुलांकडे बघा. फूल गळून पडण्याऐवजी देठाला धरून सुकलं आणि त्याखाली हिरवा मणी फुगू लागला, तर त्या झाडाला खत-पाणी घालण्यात अर्थ आहे.